कोण आलं, कुठून आलं

वीसेक वर्षांपूर्वी ज्यांनी हौसेनं स्वतःचं छोटं संकेतस्थळ उभं केलं, त्यांच्यातल्या बहुतेकांकडे एक फाइल असायची. नाव साधं, ‘लॉग’ किंवा ‘व्हिजिटर्स’, आणि पुढे डॉट टीएक्सटी. तिला रंग नव्हते, तक्ते नव्हते, आलेख नव्हते. नोटपॅडमध्ये उघडायची आणि वरून खाली वाचत जायचं. एका ओळीत एक पाहुणा. तारीख, वेळ, आयपी पत्ता, कोणता ब्राउझर, कोणती विंडोज, कोणत्या पानावरून आला आणि आपलं कोणतं पान उघडलं, एवढीच माहिती. स्वल्पविरामांनी तोडलेल्या त्या ओळी बाहेरच्या माणसाला रुक्ष वाटाव्यात अशाच होत्या. ज्यानं संकेतस्थळ बांधलं, तो मात्र त्या ओळींची रोज वाट पाहायचा.

रायपुरात राहून मीही तेव्हा असं एक संकेतस्थळ चालवत होतो. विषय होता रायपूरची मराठी माणसं. छत्तीसगड वेगळं राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. 1 नोव्हेंबर 2000 ला रायपूर राजधानी झालं आणि शहराचं रूप भराभर बदलू लागलं. जुनं काही लिहून ठेवायला हवं, ही निकड तेव्हा अनेकांना जाणवत होती. इथल्या मराठी वस्तीची कथा तर मोठी. नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडावर आली. बिंबाजी भोसल्यांनी 1758 ते 1787 या काळात रतनपुरातून राज्य केलं. 1854 मध्ये नागपूरचं राज्य इंग्रजांनी खालसा केलं, तरी नागपूरशी असलेली नाळ तुटली नाही. पुढे मध्य प्रांत आणि वऱ्हाडाची राजधानी नागपूरच होती आणि 1956 पर्यंत रायपूरचा कारभार तिकडूनच चालला. कारकून, वकील, मास्तर, डॉक्टर येत राहिले. तात्यापारा, ब्राह्मणपारा, बुढापारा या पाऱ्यांमधून, म्हणजे मोहल्ल्यांमधून, मराठी घरं वसली. चौबे कॉलनीतलं महाराष्ट्र मंडळ 1935 पासूनचं. आणि माधवराव सप्रे. 1900 साली पेंड्र्याहून त्यांनी ‘छत्तीसगड मित्र’ हे हिंदी मासिक काढलं, वामनराव लाखे त्याचे प्रकाशक-मालक. मराठी घरात वाढलेल्या या माणसानं ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचं ‘गीतारहस्य’ हिंदीत नेलं आणि 1926 मध्ये रायपुरातच देह ठेवला. हे सगळं पाना-पानानं लिहायचं, असा माझा बेत होता.

लिहिलं. पण वाचतंय कोण?

हा प्रश्न छापील मासिकाच्या लेखकालाही पडतो. त्याला कधीमधी वाचकाचं पोस्टकार्ड येतं. संकेतस्थळाच्या मालकाला ते पोस्टकार्ड त्या टेक्स्ट फाइलीतून मिळायचं, आणि तेही न मागता.

ती फाइल लिहून घ्यायला पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या चार-पाच ओळी पुरायच्या. पाहुण्याचा पत्ता, ब्राउझरचं नाव आणि आधीच्या पानाचा दुवा हे सर्व्हरला विनंतीबरोबरच कळलेलं असतं. ते उचलायचं, एका ओळीत ओवायचं, फाइल उघडायची, ओळ लिहायची, फाइल बंद करायची. उघडताना एक अक्षर फार जपून लिहावं लागे. ‘ए’ दिलं तर नवी ओळ शेवटी जोडली जाते, ‘डब्ल्यू’ दिलं तर आधीचं सगळं पुसून फाइल नव्यानं सुरू होते. मग एफटीपीनं फाइल वर चढवायची आणि तिला 666 ही परवानगी द्यायची, म्हणजे सर्व्हरला तिच्यात लिहिता येई. एकाच क्षणी दोन पाहुणे आले, तर दोन ओळी एकमेकींत घुसून नासू नयेत म्हणून लिहिण्यापुरतं फाइलीला कुलूप लावायचं, त्यासाठीही एक आज्ञा होती. मोठ्या सर्व्हरवर अपाचेसारखं सर्व्हर चालवणारं सॉफ्टवेअर हे सगळं स्वतःच लिहून ठेवतं, पण स्वस्तातल्या होस्टिंगमध्ये ती मूळ नोंदवही आपल्या हाती क्वचितच पडायची. म्हणून प्रत्येकानं आपली वेगळी फाइल ठेवायची.

सर्व्हर असायचा अमेरिकेत. त्यामुळे रायपुरातला रात्री नवाचा पाहुणा फाइलीत भलत्याच वेळेला आलेला दिसायचा. त्यावर उपाय ठरलेला होता. ग्रिनिच वेळ घ्यायची आणि तिच्यात 19,800 सेकंद मिळवायचे, म्हणजे साडेपाच तास. हा आकडा तेव्हाच्या कितीतरी हौशी प्रोग्रॅमरांना आजही तोंडपाठ असेल. हा आकडा घातला, की आपली वेळ आपल्या फाइलीत येई. रात्री दहानंतर ओळी वाढायच्या, कारण घरचं काम उरकून लोक तेव्हा डायल-अप जोडायचे.

एक ओळ साधारण दोनशे अक्षरांची. 1.44 एमबीच्या फ्लॉपीत अशा सात हजारांहून जास्त ओळी मावत. छोट्या संकेतस्थळाला एवढ्या ओळी जमायला पुष्कळ दिवस लागत, म्हणून प्रत्येक ओळ वाचायला वेळ असे. ओटीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करावी, तसं ते वाचन होतं.

त्या ओळींचा खरा उपयोग मराठी लिहिणाऱ्यालाच सर्वांत जास्त व्हायचा. इंग्रजी पान कुठेही उघडलं तरी वाचता येत होतं. देवनागरीचं तसं नव्हतं. ज्यानं त्यानं आपापला फाँट वापरायचा, तो वाचकाच्या संगणकात नसेल तर सगळ्या अक्षरांचा चिवडा, असा तो काळ. युनिकोड आलं तरी अडचण लगेच संपली नाही. ब्राउझरनं धाडलेल्या ओळीत ‘विंडोज 98’ दिसलं, तर समजायचं की या माणसाला बहुतेक ठिकाणी रिकाम्या चौकोनांचीच ओळ दिसली असणार. ‘विंडोज एनटी 5.1’ दिसलं, म्हणजे एक्सपी. तिथे अक्षरं दिसायची, पण कंट्रोल पॅनलमधल्या भाषांच्या पर्यायांत जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण केली नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या भलत्याच बाजूला जायची आणि जोडाक्षरं हलन्तासकट मोडून पडायची. खूण केली की संगणक एक्सपीची सीडी मागायचा, आणि ती घरात कुणाकडे सापडायची? ओळी मोजून पाहिल्या की कळायचं, आपल्या पाहुण्यांपैकी किती जणांना आपण लिहिलेलं नीट दिसलंच नसेल. म्हणून पानाच्या माथ्यावर चित्ररूपात एक सूचना डकवली, ‘अक्षरं मोडकी दिसत असतील तर असं करा’. पुढच्या आठवड्यांत त्या सूचनेचं पान उघडल्याच्या ओळी फाइलीत दिसू लागल्या. पाहुण्याला नेमकं काय अडतंय ते ओळखून त्याच्यासाठी काही करता येणं, यात मोठं समाधान होतं.

आणि पाहुणे यायचे कुठून? आयपी पत्ता हा नुसता आकडा. पण त्या आकड्यावरून उलट शोध घेतला, की नाव मिळायचं. 59 पासून सुरू होणारे बरेचसे पत्ते बीएसएनएलचे निघत, म्हणजे देशातलंच कुणीतरी. गावाचं नाव मात्र कळायचं नाही, कारण नोंदणीत कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता असायचा. नावाच्या शेवटी ‘कॉमकास्ट डॉट नेट’ आलं की तो पाहुणा अमेरिकेत, ‘एज्यु’ आलं की तिथल्याच कुठल्यातरी विद्यापीठात. रायपूरच्या पाऱ्यांविषयीचं मराठी पान अमेरिकेतल्या विद्यापीठात मध्यरात्री कुणी उघडलं असेल? बुढापाऱ्यात लहानपण गेलेला, नागपूर-पुणे करत तिकडे पोचलेला कुणीतरी असणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. मराठी माणूस तेव्हा जगभरातून एकमेकांना शोधत होता. ‘मायबोली’ हे संकेतस्थळ 1996 पासून चालू होतंच, मराठी विकिपीडिया 2003 मध्ये सुरू झाला होता. आपल्या लहानशा फाइलीतल्या ओळी त्याच शोधाचा एक तुकडा होत्या. गणपतीत आणि दिवाळीत बाहेरदेशचे पत्ते हटकून वाढायचे.

ओळीतली सगळ्यात बोलकी नोंद होती आधीच्या पानाचा दुवा. पाहुणा गूगलवरून आला असेल, तर त्यानं शोधलेले शब्द त्या दुव्यातच येत. इंग्रजी शब्द सरळ वाचता येत. देवनागरीतले यायचे ते टक्क्यांच्या खुणा आणि आकडे-अक्षरांची लांबलचक माळ होऊन. कारण युनिकोडच्या प्रचलित पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षर तीन बाइट घेतं आणि दुव्यात प्रत्येक बाइट टक्क्याची खूण आणि दोन चिन्हांनी लिहिला जातो. नुसता ‘म’ लिहायचा तर नऊ चिन्हं. ती माळ उलगडली की आतून माणसाचा प्रश्न बाहेर यायचा. कुणी सप्र्यांच्या ‘एक टोकरी भर मिट्टी’ या गोष्टीबद्दल विचारत आलेलं असे. कुणाला तात्यापाऱ्यातल्या मारुतीविषयी हवं असे. कुणी एखाद्या आडनावाबरोबर ‘रायपूर’ एवढंच लिहिलेलं. अशा ओळीपाशी मी थांबायचो. ज्या प्रश्नाचं उत्तर आपल्या पानावर नाही, तो प्रश्न घेऊन माणूस आला आणि रिकाम्या हातानं परत गेला, हे त्या एका ओळीतून कळायचं. मग ते पान लिहायला घ्यायचं. संकेतस्थळाची कितीतरी पानं अशीच वाचकांच्या शोधातून उगवली.

शहरात त्याच वेळी दुसरीही एक नोंदवही भरत होती, कागदाची. सायबर कॅफेच्या टेबलावरचं रजिस्टर. जयस्तंभ चौकाच्या आसपास, कॉलेजांच्या रस्त्यांवर, कॉलन्यांच्या तोंडाशी कॅफे होते. आत जाताना नाव लिहायचं, मशीन क्रमांक लिहायचा, बसल्याची वेळ आणि उठल्याची वेळ लिहायची. तासाचे पैसे त्यावरून निघत. 2011 मध्ये केंद्र सरकारनं सायबर कॅफेंसाठी नियम काढले. ओळखपत्र पाहायचं, नाव-पत्ता-वेळ रजिस्टरात नोंदवायची, रजिस्टर किमान वर्षभर जपायचं, कोणती संकेतस्थळं उघडली गेली त्याच्या नोंदीही वर्षभर ठेवायच्या. खोक्यांमधल्या पार्टिशनची उंची साडेचार फुटांहून जास्त नको, इथपर्यंत तपशील होता. म्हणजे एकाच भेटीची नोंद दोन टोकांना होत होती. रायपूरच्या कॅफेमालकाच्या वहीत पेननं, आणि ज्याच्या संकेतस्थळावर तो माणूस गेला त्याच्या फाइलीत बाइटांनी. पण या दोन नोंदी जोडणारं कुणी नव्हतं. कॅफेवाल्याला माणूस ठाऊक होता, पण तो काय वाचायला आला याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं. मला वाचन ठाऊक होतं, माणूस ठाऊक नव्हता. त्या अंतरात माणसाचा खासगीपणा आपोआप सांभाळला जात होता.

पानाच्या तळाशी फिरता आकडा असायचा, ‘आपण अमुकावे पाहुणे’. सरकारी संकेतस्थळांवर तो आजही दिसतो. पण आकडा हा बाहेरच्यांना दाखवायचा, फाइल ही स्वतः वाचायची. पाहुण्यांमध्ये पानं गोळा करत फिरणारी यंत्रंही असायची. गूगलबॉटची ओळ पहिल्यांदा दिसली तेव्हा केवढा आनंद झाला होता. आता आपण लोकांना सापडणार, असं वाटलं होतं. त्या काळात यंत्राच्या मागून माणसं यायची.

मग 14 नोव्हेंबर 2005 उजाडला. गूगलनं अर्चिन ही कंपनी त्याच वर्षी विकत घेतली होती, तिच्या आधारानं ‘अ‍ॅनालिटिक्स’ सगळ्यांना फुकट खुलं केलं. मागणी इतकी उसळली की काही दिवसांतच नवी नोंदणी थांबवावी लागली. वापरायला ते फार सोपं होतं. पानाच्या शेवटी त्यांनी दिलेला तुकडा चिकटवायचा, बस्स. नकाशे, आलेख, देशवार वाटणी, सगळं डोळ्यांपुढे. आमच्यासारख्या हजारोंनी तो तुकडा चिकटवला आणि टेक्स्ट फाइलीत लिहिणाऱ्या ओळी काढून टाकल्या. वरवर पाहता एक जुनं साधन जाऊन नवं चांगलं साधन आलं. प्रत्यक्षात जे बदललं ते याहून खोल होतं. आधी पाहुणा आपल्या दारी यायचा आणि आपण त्याची नोंद करायचो. आता पाहुण्याचा ब्राउझर आपलं पान उघडता उघडता तिसऱ्याच कुणाला कळवू लागला की मी इथे आलोय. तेच तिसरं घर त्याची दुसऱ्या लाखो दारांवरचीही चाहूल ठेवत होतं. सायबर कॅफेच्या वहीत आणि माझ्या फाइलीत जे अंतर होतं, ते तिथे उरलं नाही.

एकेक करून ओळीतले शब्द पुसट होत गेले. ऑक्टोबर 2011 पासून गूगलनं आधी लॉगिन केलेल्या लोकांचे आणि 2013 मध्ये जवळपास सगळ्यांचेच शोधशब्द झाकायला सुरुवात केली. वाचकाच्या दृष्टीनं ते योग्यच होतं, वाटेत कुणी डोकावू नये. पण त्यानंतर ‘माणूस काय विचारत आला’ ही गोष्ट पानाच्या मालकाला कळेनाशी झाली, शोध देणाऱ्याला मात्र कळत राहिली.

पत्त्याचंही तसंच झालं. जुन्या पद्धतीचे आयपी पत्ते सारे मिळून 4.3 अब्ज. 3 फेब्रुवारी 2011 ला जगाच्या मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. पुढे 5 सप्टेंबर 2016 ला जिओ आलं आणि गावोगावचे लोक मोबाइलवरून इंटरनेटवर आले. पत्ते पुरेनात, म्हणून एकाच पत्त्यामागे असंख्य फोन बसू लागले आणि जोडीला नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते आले. 2004 मध्ये एक पत्ता म्हणजे बहुधा एक घर किंवा एक कॅफे. आज एका पत्त्यामागे अख्खा पारा असू शकतो. रायपूरच्या माणसाची ओळ भलत्याच शहराच्या नावे दिसते, ती यामुळेच.

आणि सर्व्हरची मूळ नोंद आज उघडून पाहिली तर काय दिसतं? यंत्रंच यंत्रं. इम्पर्वा या कंपनीच्या अहवालाप्रमाणे 2024 मध्ये इंटरनेटवरच्या वाहतुकीचा 51 टक्के भाग स्वयंचलित होता. शोधयंत्रांचे बॉट, दारं ठोठावून पाहणारे बॉट, आणि 2023 नंतर जीपीटीबॉटसारखे, भाषेची यंत्रं शिकवण्यासाठी पानं गोळा करणारे बॉट. त्यांच्या मागून माणसं येतीलच असं नाही. अनेकदा आपलं उत्तर वाचकाला दुसऱ्याच कुणाच्या तोंडून मिळतं आणि आपल्या नोंदीत त्याची ओळ कधीच उमटत नाही. सप्र्यांविषयी लिहिलेली माहिती वाचली जाते, पण वाचणारा दिसत नाही. मराठीत, तेही महाराष्ट्राबाहेर बसून लिहिणाऱ्याला हे जास्त लागतं. मोठ्या वाचकवर्गाची त्याची अपेक्षाच नसते. थोडे वाचक असतात, पण ते आहेत हे दिसणं, एवढ्यावर त्याची उमेद चालते.

जुन्या पद्धतीचा एक गुण मला फार उशिरा, तुलना करायची वेळ आली तेव्हा उमगला, तो म्हणजे टिकाऊपणा. अ‍ॅनालिटिक्सच्या ज्या आवृत्तीत असंख्य लोकांनी वर्षानुवर्षांच्या भेटी साठवल्या, तिनं 1 जुलै 2023 ला नव्या नोंदी घेणं थांबवलं, आणि 1 जुलै 2024 नंतर जुने अहवाल उघडणंही बंद झालं. ज्यांनी वेळेत उतरवून घेतलं त्यांचं वाचलं, इतरांचं गेलं. 2004 ची टेक्स्ट फाइल मात्र आजच्या कुठल्याही संगणकावर, मोबाइलवरसुद्धा उघडते. तिला कंपनी लागत नाही, खातं लागत नाही, आवृत्ती लागत नाही. साध्या अक्षरांत लिहिलेलं सगळ्यात जास्त टिकतं.

तरीही त्या काळाचं नुसतं कौतुक करून थांबता येत नाही. तेव्हा पाहुण्याला कुणी विचारत नव्हतं. तुमची नोंद होतेय, असं कुठेही लिहिलेलं नसे. कितीतरी ठिकाणी ती फाइल संकेतस्थळाच्या उघड्या फोल्डरातच असायची, ज्याला नाव सुचेल त्यानं वाचावी. आयपी पत्ता ही माणसाची खासगी माहिती आहे, हा विचारच रुजलेला नव्हता. तो रुजला न्यायालयांत. जर्मनीत पॅट्रिक ब्रेयर यांनी नेमक्या याच गोष्टीवर दावा लावला होता. सरकारी संकेतस्थळं भेट देणाऱ्याचा पत्ता, वेळ आणि पाहिलेलं पान लॉग फाइलीत का साठवतात? 19 ऑक्टोबर 2016 ला युरोपीय संघाच्या न्यायालयानं सांगितलं, की दर वेळी बदलणारा पत्तासुद्धा, सेवा पुरवणाऱ्याकडून माणूस ओळखण्याचा कायदेशीर मार्ग असेल, तर व्यक्तिगत माहितीच ठरतो. आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि ऑगस्ट 2023 मध्ये व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. ज्या कामासाठी माहिती घेतली ते काम संपलं की ती पुसावी, हे त्या कायद्याचं एक मुख्य सूत्र. आमच्या फाइलींना हे सूत्र तेव्हाच लागू केलं असतं, तर त्यांचं काहीच बिघडलं नसतं.

दुसऱ्या बाजूनं नोंद नकोच, असंही म्हणता येत नाही. कुणी संकेतस्थळ फोडलं, तर काय घडलं ते सांगणारी साक्ष त्या ओळींचीच असते. म्हणून सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेनं 28 एप्रिल 2022 ला कंपन्या, डेटा सेंटरं आणि सरकारी संस्थांना आपल्या प्रणालींचे लॉग 180 दिवस, तेही देशातच जपून ठेवायला सांगितलं. एकीकडे पुसा, दुसरीकडे ठेवा. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे नोंद मोजकी, मुदतीची आणि जबाबदारीची हवी.

रायपूरही केवढं बदललं. आमची फाइल सातासमुद्रापलीकडच्या सर्व्हरवर राहायची, कारण इथे ठेवायला जागाच नव्हती. मे 2025 मध्ये नवा रायपूरच्या सेक्टर 22 मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीच्या डेटा सेंटर पार्कची पायाभरणी झाली. सायबर कॅफे बहुतेक मिटले. त्यांच्या जागी चॉइस सेंटरांचे फलक आहेत, तिथे जात, निवास आणि उत्पन्नाचे दाखले निघतात, फॉर्म भरले जातात. तात्यापाऱ्यातली, बुढापाऱ्यातली कितीतरी मराठी घरं विकली जाऊन तिथे संकुलं उभी राहिली. मुलं पुण्याला, बंगळुरूला, परदेशी गेली. त्यांच्यातलं कुणी आजही रात्री मोबाइलवर आजोळच्या पाऱ्याचं नाव टाकून पाहत असेलच. माणसाची ओढ तीच आहे. फक्त तिची खूण आता आपल्या दारात उमटत नाही, दुसऱ्याच्या गोदामात जाऊन पडते.

म्हणून मला वाटतं, जो कुणी आज मराठीत छोटं संकेतस्थळ चालवतो, एखाद्या गावाचं, मंडळाचं, घराण्याच्या कुलवृत्तान्ताचं, त्यानं ती टेक्स्ट फाइल पुन्हा सुरू करावी. जुन्या काळासारखी नव्हे, त्यात आजचं शहाणपण घालून. पाहुण्याचा पूर्ण पत्ता लिहायची गरज नाही, त्याचा शेवटचा भाग शून्य करून लिहावा, तेवढ्यानं देश कळतो आणि घर झाकलं जातं. कोणतं पान पाहिलं आणि कधी, एवढं पुरे. फाइल उघड्या फोल्डरात ठेवू नये. ठरावीक महिन्यांनी महिन्याची बेरीज लिहून घ्यावी आणि ओळी पुसून टाकाव्यात. आणि पानाच्या तळाशी साध्या मराठीत दोन वाक्यं लिहावीत, आम्ही काय नोंदवतो आणि किती दिवस ठेवतो. हे काम आजही पीएचपीच्या चार-पाच ओळींतच होतं.

याचा फायदा आकड्यांपेक्षा मोठा आहे. आपला वाचक कोण, त्याला काय वाचता येत नाही, तो कशासाठी आला होता, या गोष्टींची काळजी घेणं हे लिहिणाऱ्याचं कामच आहे. ते आपण सोयीपोटी दुसऱ्याला देऊन टाकलं, तेव्हा नोंदीबरोबर वाचकाशी असलेलं नातंही देऊन टाकलं. माधवरावांनी पेंड्र्यासारख्या आडगावाहून मासिक काढलं, तेव्हाही वाचक फार नव्हते, मासिक काही वर्षांतच बंद पडलं. पण मोजक्या वाचकांसाठीही जीव ओतून लिहावं, ही रीत त्यांनी इथे घालून दिली. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येकाची दखल घ्यावी आणि त्याचा विश्वास राखावा, एवढं आपण आपल्या पातळीवर नक्की करू शकतो. मोठ्या कंपन्यांच्या परवानगीची त्याला गरज नाही, आणि उद्यावर ढकलण्यासारखंही त्यात काही नाही.